जाळी कोणासाठी?

फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईच्या मंत्रालयात, मजल्यांच्या मधल्या मोकळ्या चौकावर, नायलॉनची जाळी ताणण्यात आली. त्याआधीच्याच महिन्यात धुळे जिल्ह्यातील ८४ वर्षांचा एक शेतकरी, संपादित जमिनीच्या तुटपुंज्या मोबदल्याविरुद्ध दाद मागून थकल्यावर, याच इमारतीत विष प्यायला होता. काही दिवसांनी रुग्णालयात त्याचा अंत झाला. पाठोपाठ एकाने पाचव्या मजल्यावरून उडी घेऊन जीव दिला. या मृत्यूंवर राज्यकर्त्यांना जो तातडीचा उपाय सुचला, तो म्हणजे जाळी! माणूस उडी का मारतो, हा प्रश्न बाजूला राहिला. तो कोठे पडावा, एवढाच विचार झाला.

सुरक्षाव्यवस्थाच नको, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवरील हल्ल्यात नऊ जणांनी प्राण गमावले; त्यांत पोलीस होते, सुरक्षा कर्मचारी होते, आणि बागेत काम करणारा एक माळीही होता. २००८ साली मुंबईने काय सोसले, हेही आपण विसरलेलो नाही. शस्त्रधारी हल्लेखोराला अडविण्यासाठी शस्त्रधारी पहारा हवाच. प्रश्न एवढाच आहे की, हल्लेखोरासाठी उभारलेल्या या यंत्रणेचा जाच रोज कोणाला होतो?

याचे उत्तर मंत्रालयाच्या फाटकावर मिळते. सामान्य अभ्यागताला प्रवेश दुपारी दोननंतर. गडचिरोलीहून रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाने तोवर रस्त्यावर ताटकळावे, रांगेत ओळखपत्र दाखवावे, पिशवी उघडावी, आणि आत पोचल्यावर ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे ऐकून परतावे. २०२३ साली नियम आला की, दहा हजार रुपयांहून अधिक रोकड आत नेता येणार नाही. म्हणजे मंत्रालयात रोकड कशासाठी लागते, हे सरकारला पुरते ठाऊक आहे! मग बंदी देणाऱ्याच्या खिशावर का? घेणाऱ्याच्या खणावर का नाही? २०२५ पासून चेहरा ओळखणारी यंत्रेही दारात आली. यंत्राला माणसाचा चेहरा ओळखता येतो; सरकारला मात्र त्याचा अर्ज ओळखता येत नाही.

ही तपासणी निदान सर्वांना सारखी असती, तरी एक वेळ चालले असते. पण २००१ च्या हल्ल्याला बरोबर बावीस वर्षे झाली त्या दिवशी, १३ डिसेंबर २०२३ रोजी, दोन तरुण लोकसभेच्या प्रेक्षक सज्जातून धुराच्या नळकांड्यांसह सभागृहात उतरले. त्यांचे पास एका खासदाराच्या शिफारशीने मिळालेले होते. शिफारस असलेल्याला फट आणि नसलेल्याला भिंत, हा या व्यवस्थेचा खरा कायदा आहे. मंत्रालयाचे म्हणाल, तर २१ जून २०१२ रोजी तेथे पाच जणांचे बळी घेणारी आग लागली. लोकांपासून इमारतीचे रक्षण करण्यात गढलेल्यांनी इमारतीतील माणसांच्या रक्षणाकडे किती लक्ष दिले होते, याचा तो दाखला होता.

आणि जाळीचे पुढे काय झाले? ४ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनीच, अन्य आदिवासी आमदारांसह, तिच्यावर उड्या घेतल्या. आदिवासी आरक्षण आणि पेसा क्षेत्रातील नोकरभरती हे त्यांचे प्रश्न होते. सत्ताधारी पक्षाच्या उपाध्यक्षालाही आपल्याच सरकारच्या कानापर्यंत जाण्यास हा मार्ग उरला असेल, तर धुळ्याच्या म्हाताऱ्याने कोणत्या दारात उभे राहायला हवे होते?

कार्यकर्त्यांनी एक पथ्य मात्र पाळावे. फाटकावरचा शिपाई आपला शत्रू नव्हे. तोही बहुधा शेतकऱ्याचाच मुलगा. उन्हापावसात उभा राहून वरच्यांचा हुकूम आणि खालच्यांचे शिव्याशाप दोन्ही झेलतो. आपले भांडण त्याच्याशी नाही. लोकांच्या गाऱ्हाण्यांना उत्तर देण्याऐवजी त्याला पुढे उभे करणाऱ्यांशी आहे.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. तालुका आणि जिल्हा पातळीवर सुटावयाचे काम मंत्रालयापर्यंत का आले, याची प्रत्येक अभ्यागतामागे नोंद व्हावी आणि ती दरमहा जाहीर व्हावी. ज्या कार्यालयामुळे माणसाला मुंबई गाठावी लागली, त्या कार्यालयाला जाब विचारला जावा. दारात टिपलेले चेहरे किती दिवस आणि कोणाच्या ताब्यात राहणार, हे सरकारने लेखी सांगावे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे, आणि तो हक्क फाटकाबाहेर ठेवून आत जावयाचा नसतो. तपासणी करावयाची तर ती आमदार, कंत्राटदार आणि शेतकरी या तिघांची एकाच रांगेत व्हावी.

या इमारतीला पूर्वी सचिवालय म्हणत. ‘मंत्रालय’ हे नाव देताना, कारभार नोकरशहांचा नसून लोकांनी निवडलेल्यांचा आहे, असेच सुचवावयाचे असेल. तसे असेल, तर निवडून देणाऱ्यालाच तेथे संशयित म्हणून उभे करण्याचा अधिकार कोणालाही नाही. लोकांचा विश्वास गमावलेल्या सरकारला कितीही बंदुका अपुऱ्या पडतात. आणि गाऱ्हाणे वेळेवर ऐकणाऱ्या सरकारला जाळी बांधावी लागत नाही.