चाली कोणाच्या मालकीच्या?

बुद्धिबळ स्पर्धेत खेळाडू दोन्ही बाजूंच्या चाली कागदावर लिहितात. हा कागद आयोजकाच्या मालकीचा, असा 'फिडे' या जागतिक महासंघाचा नियम आहे. कागद आयोजकाचा हे मान्य. पण त्यावरच्या चाली कोणाच्या?

२०१६ साली न्यूयॉर्कमध्ये कार्लसन आणि कार्याकिन यांच्यात जगज्जेतेपदाची लढत झाली. डाव चालू असताना इतरांनी चाली प्रसिद्ध करू नयेत म्हणून 'अ‍ॅगॉन' ही आयोजक कंपनी कोर्टात गेली. तेथील संघीय न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला. पटावर काय घडले ही वस्तुस्थिती आहे आणि अमेरिकेच्या कायद्यात वस्तुस्थितीवर कॉपीराइट चालत नाही.

आयोजक खर्च करतात, हे खरे. त्यांनी चित्रण विकावे, समालोचन विकावे. तो त्यांचा हक्कच आहे. पण आज डाव चालू असेपर्यंतची बंदी मागणारे उद्या कायमची मागणार नाहीत कशावरून? तसे झाले तर नुकसान कोणाचे? महागडा प्रशिक्षक ठेवणाऱ्याचे नव्हे. थोरांचे डाव पटावर मांडून एकट्याने शिकणाऱ्या गरीब पोराचे.

पंजाबच्या मीर सुलतान खान यांनी १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी जगज्जेते कापाब्लांका यांना हरविले. तो डाव आजही कोणीही मांडून पाहू शकतो, कारण त्या चाली कोणाच्या तिजोरीत बंद झाल्या नाहीत. ज्ञानाच्या मक्तेदारीची किंमत आपल्याला नव्याने सांगायला नको. कागद आयोजकांनी खुशाल ठेवावा. चाली मात्र सर्वांच्याच राहिल्या पाहिजेत!