गप्प व्हायचं तर परत कधी बोलाल ते सांगा

लग्नाला आठ-दहा वर्षं झालेल्या नवरा-बायकोंनो, हे तुमच्यासाठी आहे. काही बिनसलं की तुमच्यातलं एक जण मागे लागतं आणि दुसरं गप्प होतं, असं घडतं का? "बोल ना काहीतरी" म्हटलं की "नंतर बघू", मग हातात मोबाइल, मग पाठ फिरवून झोप.

मागे लागणाऱ्याला भांडखोर आणि गप्प बसणाऱ्याला दगड म्हणून मोकळं होऊ नका. बहुतेकदा दोघंही घाबरलेले असतात. एकाला वाटतं, हा माणूस आपल्यापासून सुटत चालला; दुसऱ्याला वाटतं, आता तोंड उघडलं तर आणखी चुकेल. तान्ह्या मुलाला आईची जी ओढ असते तिचा ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी अभ्यास केला. तोच विचार १९८७ साली सिंडी हझान आणि फिलिप शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी मोठ्यांच्या प्रेमाला लावून पाहिला. अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या वर्तमानपत्रात त्यांनी प्रश्न छापले. उत्तरं पाठवणाऱ्यांत निम्म्याहून थोडे अधिक लोक जोडीदाराजवळ निर्धास्त होते. जवळजवळ चौथ्या हिश्शाला फार जवळीक नकोशी वाटे आणि उरलेल्यांना जोडीदार आपल्याला सोडून जाईल अशी धास्ती होती. तेव्हा तुमच्याच घरात काही विपरीत चाललंय असं समजू नका.

पण ते चालू द्यावं असंही नाही. किर्कपॅट्रिक आणि डेव्हिस या संशोधकांनी लग्नाआधीच्या जोड्यांचा तीन वर्षं मागोवा घेतला. धास्तावलेली स्त्री आणि दूर राहणारा पुरुष अशा जोड्या नात्याबद्दल फारसं चांगलं बोलत नव्हत्या, तरी त्या सहजी तुटल्या नाहीत. मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टिकणं वेगळं, सुखात असणं वेगळं. आपल्याकडे घर मोडलं नाही की सगळं आलबेल मानतात. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला हार घालतात, जेवणावळ होते. या दोघांना अजून एकमेकांशी मनातलं बोलता येतं का, हे कुणी विचारत नाही. तुम्ही तरी स्वतःला विचारा, आणि पंचविसाव्या वर्षापर्यंत थांबू नका.

गप्प होणाऱ्याने एवढंच करावं: "आत्ता डोकं तापलंय, जेवण झाल्यावर बोलू" असं सांगावं आणि जेवण झाल्यावर खरंच बोलावं. ठरलेली वेळ पाळली की समोरच्याची धास्ती उतरते. मागे लागणाऱ्याने जुनी सगळी उणीदुणी बाहेर काढू नयेत. आज काय हवं आहे तेवढंच मागावं: "दहा मिनिटं माझ्याजवळ बस." पहिल्या आठवड्यात हे अवघडच जाईल. घरात सासू-सासरे, मुलं असतील तर निवांत बोलायला जागा मिळत नाही. जेवणानंतर दोघंच खाली एक फेरी मारून या.

आणि चाचण्या सोडवून जोडीदारावर शिक्का मारू नका. धास्तावण्याची किंवा दूर राहण्याची ही वळणं जन्माची नसतात. भरवशाच्या माणसाच्या सहवासात मोठेपणीही ती बदलतात. दोघांना जमत नसेल तर समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा नाही.

मात्र घरात मारहाण होत असेल, धमक्या असतील, तर वरचं काहीही तुम्हाला लागू नाही. तिथे समजून घेत बसू नका. आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित करा. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, तातडीच्या मदतीसाठी ११२.