अंगणाच्या पोटातला मुरूम

आत्याच्या अंगणातले ब्लॉक उन्हाळ्यात उचलले, तेव्हा खाली जेमतेम दोन इंच मुरूम निघाला. त्याखाली थेट काळी माती. कराडकडची ही जमीन ऊस उत्तम पोसते, पण फरसबंदी पेलत नाही. पावसात फुगते, मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दोन वर्षांपूर्वी ब्लॉक बसवताना रंग लाल घ्यायचा की करडा, यावर घरात तीन दिवस खल झाला होता. मुरुमाबद्दल मात्र बोलणं एवढंच झालं, “टाकू की अंदाजे.” पहिल्याच पावसाळ्यात तुळशीजवळचा कोपरा खचला. पाणी साचलं, शेवाळ धरलं, आणि वॉकर घेऊन चालणाऱ्या आत्यानं त्या बाजूला जायचंच सोडलं. ब्लॉक आजही धडधाकट आहेत. चुकलं ते खालचं माप.

म्हणून यंदा काम पुन्हा काढलं तेव्हा मी टेप आणि वही घेऊन बसले. अंगण २० फूट लांब, १२ फूट रुंद, म्हणजे २४० चौरस फूट. काळ्या मातीवर सहा इंचांची भर मला कमी वाटते, म्हणून आठ इंच धरली. साधा गुणाकार केला तर १६० घनफूट येतात. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणून १.६ ब्रास. बहुतेक घरांत हिशेब इथेच थांबतो, आणि अंगण बसायला सुरुवात इथूनच होते.

पहिली गोष्ट, भर ब्लॉकच्या कडेशी संपवून चालत नाही. कडेचा ब्लॉक आणि त्याला धरून ठेवणारी कर्बची ओळ, दोघांनाही खाली आधार लागतो. म्हणून चहूबाजूंनी सहा-सहा इंच वाढवायचे. माप २१ गुणिले १३ होतं, म्हणजे २७३ चौरस फूट. बाजूला अर्धाच फूट वाढला, पण माल १३-१४ टक्क्यांनी वाढला. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. ट्रॉलीतून येतो तो मुरूम सैल असतो. पाणी मारून धुमस केला की तो साधारण पाव हिश्श्यानं बसतो. आपल्याला बसलेले आठ इंच हवे असतात आणि पैसे आपण सैल मालाचे मोजतो. २७३ चौरस फुटांवर आठ इंच म्हणजे १८२ घनफूट. त्याला १.३ नं गुणलं की २३७ घनफूट, जवळजवळ २.४ ब्रास. वहीतल्या पहिल्या आकड्याच्या जवळपास दीडपट. त्यातला खालचा पाच इंचांचा थर मुरुमाचा, म्हणून दीड ब्रास मुरूम. वरचे तीन इंच खडी आणि कच मिसळून, त्याला पाऊण-एक ब्रास.

खणलेली माती याच्या उलट वागते. भर आठ इंच, वाळू एक इंच, ब्लॉक ६० मिलिमीटर. सगळं मिळून साडेअकरा इंच खोल खणावं लागतं. जमिनीत असते तेव्हा ती माती २.६ ब्रास भरते, पण कुदळ लागली की फुगते, आणि तीन ट्रॉल्या भरूनही ढीग उरतो. ती टाकायची कुठे, हे आधी ठरवलं नाही तर दारातच पडून राहते. आत्यानं केळीच्या आळ्यांची जागा आधीच दाखवून ठेवली होती, तिला शेतीचं बरोबर कळतं.

ट्रॉलीही मोजून घ्यावी. आमच्याकडे आलेली नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद होती. सपाट दोन फूट भरली तेव्हा ९९ घनफूट झाले. मधे उंच आणि कडेला रिकामी असेल तर तो ब्रास नव्हे. टेप लावायला आपल्याला संकोच वाटतो. वाटू नये. हे माप पुढची वीस वर्षं कोणाच्या नजरेस पडणार नाही, म्हणून ते आजच बघायचं.

मुरूम एकदम पसरून वरून धुमस करणं मला मान्य नाही. आठ इंचांच्या थराला वरून ठोकलं तर वरचे तीन-चार इंचच घट्ट होतात. तीन-चार इंचांचा एकेक थर, हलका ओला करून. टाच रोवून चाललं तरी ठसा उमटता कामा नये. आणि काळ्या मातीवर मुरूम टाकण्याआधी जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरलं, तर मुरूम चिखलात रुतत नाही.

मिस्त्री चांगल्या हाताचे होते, पण एका खळग्यापाशी आमचा मतभेद झाला. “ताई, तिथं वाळू जास्त टाकतो, लेव्हल येईल.” मी नको म्हटलं. वाळूचा थर एका इंचाचा, सगळीकडे सारखा. खळगा वाळूनं भरला तर तिथली वाळू पुढे दबते आणि ब्लॉक खाली बसतो. मागच्या वेळी हेही झालं होतं. उतारही वाळूनं काढायचा नसतो, तो खणतानाच तळाला द्यायचा. फुटाला पाव इंच म्हणजे बारा फुटांवर तीन इंच, आणि उताराचं तोंड घराच्या उलट दिशेला. पाण्याची नळी लावून मिस्त्रींनी तो अचूक काढला.

वाळूला २४० चौरस फुटांवर एका इंचाचे २० घनफूट लागतात. सांध्यांसाठी आणि सांडलवंडीसाठी आम्ही ३० आणले. ब्लॉक पाच टक्के जास्तीचे, कारण कडेला कापावे लागतात.

गेल्या आठवड्यात वळवाचा जोराचा पाऊस झाला. पाणी तुळशीला वळसा घालून गटारापर्यंत गेलं. आठ-दहा ब्लॉक आणि वाळूचं एक पोतं न्हाणीघरामागे झाकून ठेवलंय. पावसाळा संपला की सांध्यांतली वाळू खाली गेलेली असेल, ती झाडूनं पुन्हा भरायची आहे.