निवृत्तिवेतनाची दाद आणि लोकायुक्ताचे बांधलेले हात

तीस-पस्तीस वर्षे सरकारची सेवा केलेल्या मनुष्यास स्वतःच्याच निवृत्तिवेतनासाठी जुन्या कचेरीचे उंबरठे झिजवावे लागावेत, ही कोणत्याही राज्यास भूषणावह गोष्ट नव्हे. कोठे सेवापुस्तकातील एखाद्या वर्षाची पडताळणी राहिलेली असते, तर कोठे वेतननिश्चितीवर आक्षेप निघून प्रकरण महालेखापालांकडून परत येते. नियमाप्रमाणे हे कागद निवृत्तीच्या दोन वर्षे आधीपासून तयार होऊ लागावयास हवेत. ते झाले नाहीत, तर वृद्धाने दाद कोणाकडे मागावी?

महाराष्ट्राने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिले होते. १९७१ साली लोकायुक्त व उपलोकायुक्त अधिनियम संमत झाला आणि पुढच्याच वर्षी लोकायुक्ताची संस्था प्रत्यक्षात आणण्याचा पहिला मान या राज्याने मिळविला. नेमणुका, पगार, शिस्तभंग इत्यादी सेवाविषयक बाबी त्या अधिनियमाने चौकशीबाहेर ठेवल्या. मात्र निवृत्तिवेतन, उपदान आणि भविष्य निर्वाह निधी यांच्या दाव्यांना त्या बंदीतून मोकळे केले. ब्रिटनच्या १९६७ च्या कायद्याने तेथील सरकारी नोकरांना ही सवलत दिली नव्हती. नोकरीत असणाऱ्याच्या पाठीशी संघटनेचे बळ असते, निवृत्ताच्या पाठीशी बहुधा कोणीच नसते, हे ओळखणारी ही तरतूद होती.

परंतु एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याची सोयही त्याच अधिनियमात होती. ज्याला न्यायालयात किंवा न्यायाधिकरणात जाण्याचा मार्ग मोकळा आहे, त्याची तक्रार पुरेशा कारणावाचून लोकायुक्ताने घेऊ नये, असा निर्बंध त्यात घातला होता. १९९१ मध्ये महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण स्थापन झाले, राज्य कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतनाचे वाद त्याच्या कक्षेत आले आणि या निर्बंधाची धार वाढली. शिवाय गाऱ्हाणे बारा महिन्यांच्या आत मांडण्याची अट होतीच. केंद्र सरकारच्या यंत्रणेवर लोकायुक्ताची सत्ता चालत नसल्यामुळे खासगी गिरणी-कारखान्यांतील निवृत्तांना तर हे दारच नव्हते.

या सर्वांवर कडी म्हणजे निर्णयाची दुर्बलता. लोकायुक्ताने शिफारस करावी, ती मानली न गेल्यास राज्यपालांस विशेष अहवाल द्यावा आणि तो विधिमंडळापुढे यावा, येथे त्याचे सामर्थ्य संपते. केवळ शिफारशीचे मोल किती असते, हे ब्रिटनमध्ये दिसले. १९५० च्या दशकात जन्मलेल्या स्त्रियांना निवृत्तिवेतनाचे वय वाढल्याची सूचना सरकारने वेळेवर दिली नाही, असा ठपका मार्च २०२४ मध्ये तेथील लोकपालाने ठेवला आणि १,००० ते २,९५० पौंड भरपाई सुचविली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सरकारने विलंबाबद्दल क्षमा मागितली. भरपाई मात्र नाकारली.

एकाच तक्रारीच्या दोन ठिकाणी चौकशा होऊ नयेत, हा आक्षेप रास्त आहे. परंतु न्यायाधिकरणात कायद्याचा अर्थ लावावयाचा असतो. सेवापुस्तक कोणाच्या टेबलावर का पडून राहिले, हे शोधण्यासाठी वृद्धाने वकील करावयाचा काय?

डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेने आणि डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेने नव्या लोकायुक्त विधेयकास मान्यता दिली. त्याचा गाजावाजा मुख्यमंत्र्यांना चौकशीच्या कक्षेत आणण्यावरून झाला. भ्रष्टाचाराचा बंदोबस्त अवश्य व्हावा. परंतु लाच न घेताही केवळ आळसाने माणसाची उपासमार करता येते, आणि त्या अन्यायाला दाद देणारे दार बंद होता कामा नये. निवृत्तिवेतनाची गाऱ्हाणी कक्षेत स्पष्टपणे असावीत, न्यायाधिकरणाचे अस्तित्व कारकुनी दिरंगाईच्या चौकशीआड येऊ नये आणि शिफारस नाकारणाऱ्या खात्याने ठराविक मुदतीत विधिमंडळापुढे कारणे द्यावीत, एवढी आमची मागणी आहे.

निवृत्तिवेतन ही सरकारची कृपा नसून हक्क होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात दिला. हक्क मान्य करून तो मिळविण्याची वाट अडवून धरणे, हे न्यायी राज्याचे लक्षण नव्हे. सरकारला मुदतवाढ घेता येते. सत्तरी गाठलेल्या मनुष्यास ती कोणी देत नाही.