काळी म्हणून कडकनाथ?

गेल्या रविवारी मावसभावाचा फोन आला. "अरे, कडकनाथच्या चाळीस तलंगा घेतोय. कातडी काळी, पाय काळे, जीभसुद्धा काळी. अस्सल माल!"

"अस्सल कशावरून?"

"काळ्या आहेत की!"

इथेच माझं डोकं फिरलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले स्क्रीनचा रंग बघून आतला कोड चांगला आहे असं म्हणत नाही. मग कोंबडीच्या बाबतीत शिकलीसवरलेली माणसंही असं का करतात?

हा काळेपणा येतो कुठून ते आधी बघू. अंड्यातल्या गर्भात रंग बनवणाऱ्या पेशी पाठीच्या कण्याजवळून निघतात आणि साध्या कोंबडीत कातडीखालून पिसांकडे जातात. कडकनाथमध्ये विसाव्या गुणसूत्रावरचा एक भाग चक्क कॉपी-पेस्ट झालेला आहे. त्यात ईडीएन३ नावाचं जनुक येतं. ते या पेशींना 'वाढा, पसरा' असं सांगतं. निरोप जास्त, म्हणून पेशी जास्त. त्या आतपर्यंत शिरतात आणि मांस, हाडांवरचं आवरण, आतडी सगळं काळं होतं. रक्त मात्र लालच. चीनची सिल्की आणि इंडोनेशियाची अयाम सेमानी यांच्यातही हाच बदल आहे. हे 2011 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं.

आता मुद्द्याचं. हे जनुक प्रभावी आहे, म्हणजे आई किंवा बाप, एकाकडून आलं तरी पुरे. त्याला दाबणारं दुसरं जनुक झेड या लिंग-गुणसूत्रावर असतं आणि पिवळ्या-पांढऱ्या पायांच्या बऱ्याच कोंबड्यांत ते आढळतं. मादीला एकच झेड मिळतं, तेही बापाकडून. म्हणजे कडकनाथ कोंबडा अशा साध्या कोंबडीला लावला, तर होणाऱ्या तलंगा काळ्याकुट्ट आणि त्यांचे भाऊ फिकट! बेटसन आणि पनेट यांनी सिल्की आणि लेगहॉर्नच्या संकरात हे 1911 सालीच दाखवलं होतं. शंभरहून जास्त वर्षं झाली, आणि आम्ही अजून जीभ बघून पैसे मोजतोय.

ही संकरित भावंडं एकमेकांत वाढवली, की चारातलं साधारण एक पिल्लू साध्या कातडीचं निघणार आणि उरलेल्यांतली निम्मी फिकट पडणार. तोवर विकणारा फोन उचलत नसतो.

तुम्ही म्हणाल, पण मांस तर औषधी असतं ना? अहो, ही कॉपी रंगाच्या पेशींची आहे. चरबी किती, प्रथिनं किती, हे इतर अनेक जनुकांवर, खाद्यावर आणि वयावर ठरतं. काळा रंग म्हणजे लॅबचा रिपोर्ट नव्हे.

2019 साली सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथच्या नावाने शेतकरी फसल्याच्या तक्रारी झाल्या. तिथे प्रश्न परताव्याच्या आमिषाचा होता, जनुकांचा नव्हता, कबूल. पण 'काळं म्हणजे सोनं' ही समजूत नसती, तर ते आमिष इतकं चाललं असतं का?

यात झाबुआच्या भिल्ल-भिलालांचंही नुकसान आहे. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या जातीच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि बाजार त्यातला फक्त रंग उचलतोय.

असो. मावसभावाला एवढंच सांगितलं, "पैसे देण्याआधी याच खेपेतले कोंबडे दाखवा म्हण. आणि आईबाप कुठले, ते लेखी माग."

परवा त्याचा फोन आला. कोंबडे 'आधीच विकले गेले' होते म्हणे. व्यवहार त्याने मोडला.