खटका पडतो का?

कसबा पेठेतल्या जुन्या वाड्यांत जिन्याखाली, मीटरशेजारी अजून चिनी मातीचे फ्यूज दिसतात. तार उडाली की कुणीतरी जाड तार गुंडाळतो. दिवा लागला, विषय संपला. काही बिऱ्हाडांत एमसीबी आले, पण तेही वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे. तपासणीत शेरा पडतो, ‘चालू आहे’. अहो, पण वेळेवर बंद पडतो का, ते कोण पाहणार?

फ्यूज आणि एमसीबी वायर वाचवतात, माणूस नव्हे. ओल्या अंगाला २३० व्होल्टचा शॉक बसला तर शरीरातून २०० मिलिअँपिअरही प्रवाह जाऊ शकतो. हृदयाची लय बिघडायला तेवढा पुरतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. तोही वर्षानुवर्षं न हलता अडकून बसतो. वीज चालू असताना त्यावरचं ‘टी’ बटण दर तीन महिन्यांनी दाबा. खटका पडला नाही तर बदलून घ्या. तपासनिसानं मात्र बटणावर भागवू नये. मीटर लावून तो ३०० मिलिसेकंदांच्या आत पडतो का ते मोजावं आणि आकडा दाखल्यावर लिहावा.

बोर्ड बदलायचा कुणी, घरमालकानं की भाडेकरूनं, हा वाद आम्हाला बहुधा अपघात विभागाच्या दारातच ऐकू येतो.