शतावरी : घ्यावी, परंतु राखून घ्यावी

मुलांकडून अमरकोश घोकून घेत असतां शतावरीचीं ‘शतमूली’ व ‘बहुसुता’ हीं नांवें आम्ही पुष्कळ वर्षें उच्चारलीं. त्यांचा अर्थ मात्र हिर्डोशीच्या परसांत हातीं कुदळ घेतल्यावर कळला.

भोरहून वरंधा घाटाकडे जातांना हा मुलूख लागतो. येथें पावसाळ्याचे ४ महिने धोधो पाऊस; पुढील ८ महिने गवताळ उतरणी कोरड्याठाक, आणि मधूनमधून वणवा. अशा विरळ झाडीच्या रानांत, मग तें सह्याद्रीचें असो कीं आफ्रिकेचें, शतावरी टिकते ती मुळांच्या जोरावर. वरची वेल वाळली किंवा जळली तरी खालीं जुडग्यानें वाढलेल्या मांसल मुळांत पाणी व अन्न सांठविलेलें असतें; पाऊस पडतांच गड्ड्यावरील डोळ्यांतून नवे कोंब येतात. म्हणजे जें तिचें भांडार, तेंच आपलें औषध! बाळंतिणीस शतावरीकल्प देणाऱ्या घरानें हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

आम्हीं तें ठेविलें नाहीं. थोरल्या सुनेच्या बाळंतपणांत परसांतील जुनी वेल घाईनें समूळ उपटली. गड्डा उकिरड्यावर गेला. पुढल्या मृगांत ती जागा रिकामीच राहिली. वेल आमच्या मातुःश्रींनीं लाविलेली होती. घरांत कोणी शब्द काढला नाहीं, परंतु आमच्या मनास तें लागून राहिलें.

तेव्हांपासून आमची रीत अशी. पिकलेल्या लाल फळांतील काळें बीं रात्रभर भिजवून ज्येष्ठांत गादीवाफ्यावर पेरावें. उगवण्यास महिनाभर लागतो. धीर सोडूं नये. रोपें वीतभर झालीं कीं वरंब्यावर दीड-दीड हातावर लावावीं, कारण पाणी तुंबल्यास मुळें कुजतात. वेलीस काठीचा आधार द्यावा. दीड-दोन वर्षांनीं, हिवाळा सरतां वेल पिवळी पडली कीं खणावें. कुदळ बुंध्यापासून दूर मारावी, बाहेरचीं जाड मुळें तोडून घ्यावीं, आणि मधला गड्डा डोळ्यांसह व कांहीं मुळांसह त्याच खड्ड्यांत पुरून पाणी द्यावें. काढलेलीं मुळें धुवून किंचित् उकळावीं, साल व आंतील शीर काढून सावलींत वाळवावीं. घेण्याचें प्रमाण वैद्यांस विचारावें.

वाळल्यावर टोपलीभर मुळांची ओंजळच उरते. बाजारांतील एका पुडीसाठीं रानांतल्या किती वेली गेल्या असतील, याचा हिशेब त्यावरून ज्यानें त्यानें करावा. रानांत खणणारा पोटासाठीं खणतो. त्यास दोष देण्यापूर्वीं आपल्या मागणीकडे पाहावें. ज्यांच्या परसांत ४ हात जागा आहे, त्यांनीं निदान आपल्या घरापुरती तरी शतावरी लावावी.

यंदा धाकट्या सुनेसाठीं मुळें काढलीं. गड्डे नातवंडांनीं पुरले. मृगानंतर सर्वांस कोंब आले. मातुःश्रींची वेल कांहीं परत येत नाहीं. परंतु तिची जागा आतां रिकामी नाहीं.